त्याचं ‘हो’

“तुम्हाला जमेल ना? नसेल जमत तर तसं सांगा, दुसऱ्या कुणाला बोलवू,” लिफ्टच्या आतून ती बाई म्हणाली आणि त्याचा हात दाराच्या चावीवर होता तिथेच थांबला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकलेली. जाळीच्या दारातून बाईच्या चपला बरोबर त्याच्या नाकासमोर आल्या होत्या आणि तिचा डावा अंगठा सारखा वरखाली हलत होता. बाईचं दिसत होतं ते एवढंच, बाकी सगळा आवाज. आवाजात टोमणा नव्हता, हीच पंचाईत झाली. टोमणा असता तर त्याने दुप्पट करून परत केला असता, तोंडाने तो काही गरीब नव्हता. एकदा एका अडकलेल्या वकिलाला त्याने बाहेरूनच ऐकवलं होतं की साहेब, दार लाथांनी उघडत असतं तर कंपनीने माझ्याऐवजी गाढव ठेवलं असतं. पण ही बाई खरंच विचारत होती. दुकानात जाऊन अमुक एक साबण आहे का, नसेल तर पुढच्या दुकानात बघते, असं विचारावं तसं. जमेल ना. आणि एकोणीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाच्या तोंडात उत्तरच नव्हतं.

कंपनीत त्याला सगळे दोनमिनिटं म्हणायचे. अडकलेल्या माणसाला पहिलं वाक्य तो हेच ऐकवायचा, घाबरू नका, दोन मिनिटं. लागायची वीस, कधी चाळीस, पण त्याच्या सांगण्यात असं काही असायचं की आतला माणूस हुश्श करून खाली बसायचा. नवीन येणाऱ्यांना साहेब सांगायचे, हत्यारं नंतर शिका, आधी याच्यासारखं दोन मिनिटं म्हणायला शिका. आज त्याने ते दोन शब्द म्हटलेच नाहीत. खाली उभा असलेला म्हातारा वॉचमन मान वर करून बघत होता. काय दोनमिनिटं, बॅटरी उतरली काय, असं त्याने विचारलंसुद्धा. त्याने त्याच्याकडे बघितलं नाही. मेन स्विच बंद करायला आणि हाताने चाक फिरवायला वर जातोय, लिफ्ट तिसऱ्याच्या लेव्हलला आली की हाक मार, एवढं वॉचमनला सांगून तो जिना चढायला लागला. बाईला काहीच न सांगता. अडकलेल्या माणसाला उत्तर न देता तो पहिल्यांदाच निघाला होता.

गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत पाच मजले होते. चौथ्यावर पोचेपर्यंतच त्याला कळलं की हा प्रश्न बाईचा नव्हता. सकाळी साडेनऊलाच तो त्याच्या अंगात घुसला होता, बाईने फक्त बोट लावलं. सकाळी मेहुणीचा फोन आला होता, बायकोच्या मोठ्या बहिणीचा. अहो भाऊजी, टिचकीला झोपताना दिवा लागतो का हो, आणि ते औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, हिला विचारायचं राहिलं आणि ही फोन उचलत नाहीये. टिचकी म्हणजे त्याची मुलगी, आठ वर्षांची. तो म्हणाला, कशासाठी? तिकडून जीभ चावल्यासारखा आवाज, आणि मग एकदम लाडीगोडी, की ही दवाखान्यात असेल ते चार दिवस टिचकीला माझ्याकडे ठेवायचं ठरलंय ना, तुमची कामाची धावपळ, तुम्ही कुठे एकटे बघत बसणार. तो म्हणाला, हो हो, बोलली होती ती मला. ती काही बोलली नव्हती. पण मेहुणीसमोर उघडं पडण्यापेक्षा खोटं बरं. खरी चपराक तर वेगळीच होती. दिवा लागतो की नाही हे त्याला माहीत नव्हतं. औषध जेवणाआधी की नंतर, तेही नाही. स्वतःच्या पोरीचं. नंतर, त्याने ठोकून दिलं, आणि फोन ठेवल्यावर बसस्टॉपवर दोन बस सोडून तो नुसता उभा राहिला.

बायकोच्या पोटात गाठ होती. उद्या सकाळी काढायची. काढून बघू, मग सांगू, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि हे ‘मग सांगू’ घरात पंधरा दिवस चौथ्या माणसासारखं वावरत होतं. तपासण्यांना ती एकटीच जाऊन आली. लाँड्रीतून अर्धा दिवस सुट्टी घ्यायची, जायची, परत कामावर. लाँड्रीत तिचं काम कपडे तपासण्याचं. धुवायला टाकण्याआधी प्रत्येक खिशात हात घालायचा, डाग शोधायचा, बटणं मोजायची, चिठ्ठी अडकवायची. बारा वर्षं लोकांच्या खिशात हात घालून तिची एक खात्री झाली होती, की खिसा रिकामा आहे असं सांगणाऱ्याच्याच खिशात काहीतरी निघतं. शंभरातल्या नव्वद वेळा पेनच.

आणि अशा बाईच्या नशिबी हा नवरा. ती म्हणायची अहो, तो म्हणायचा हो. लग्नाचा निम्मा संवाद एवढाच. अहो, गॅसचा नंबर लावला का? हो. अहो, पोरीच्या शाळेत फोन केला का? हो. तो खोटारडा नव्हता. त्याच्या ‘हो’ला फक्त काळ नव्हता. केलं का म्हटलं की हो, करणार का म्हटलं की हो, आणि दोन्हीचा अर्थ एकच, करतो. हो म्हणायचा आणि मग उठून करायचा, कधी पाच मिनिटांनी, कधी दुसऱ्या दिवशी. बायकोला हे लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. ती हसायची तेव्हा. मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे हो म्हणजे अजून नाही. कोणी पाहुणा असला आणि तो हो म्हणाला की ती पाहुण्याकडे बघून भुवई उडवायची, आणि तोही हसायचा, कारण त्यात माया होती. अकरा वर्षं ते गाडं तसंच चाललं. दोघांनी मिळून एक भाषा केली होती आणि त्या भाषेत कोणी कधी चुकलं नाही. एकदाच सोडून.

सहाव्या मजल्यावर त्याला दम लागला. दम लागायचं वय नव्हतं, पण लागला. एका बंद दाराबाहेर लहान बूट ठेवले होते, एक आडवा पडलेला. टिचकीला पहिल्यांदा आकडी आली ती बुटांच्या दुकानात, चार वर्षांची असताना. दुकानातल्या मऊ बाकावर बसलेली पोर एकदम ताठ झाली, डोळे वर, तोंडाला फेस. बायको किंचाळली आणि तिथेच खाली बसली. दुकानदार चप्पल हुंगवायला धावला. आणि हा, हा दोनमिनिटं, त्याने पोरीला कुशीवर वळवलं, चपलेला हात मारून बाजूला केलं, तिच्या डोक्याखाली स्वतःचा शर्ट घातला आणि उघड्या अंगाने बसून बायकोला म्हणाला, घाबरू नको, दोन मिनिटं. आणि खरंच दोनच मिनिटं लागली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. अडकलेली माणसं त्याने पाहिली होती, अडकलेल्या माणसाला धरून ओढायचं नसतं एवढं त्याला माहीत होतं. नंतर कितीतरी दिवस बायको ही गोष्ट सांगायची, अगदी लाँड्रीतल्या गिऱ्हाइकांनासुद्धा. हे होते म्हणून, नाहीतर मी मेलेच होते. तो समोर असला की बाहेरच्या खोलीत जायचा, लाजून, आणि तिथून कान लावून सगळं ऐकायचा.

मग औषध सुरू झालं. गोड, घट्ट, गुलाबी. सुई नसलेल्या छोट्या सिरिंजने पाचच्या रेघेपर्यंत ओढायचं आणि गालात सोडायचं, सकाळी सात, संध्याकाळी सात. सकाळचं बायको द्यायची, संध्याकाळचं जो आधी घरी येईल तो. त्याने दिलं की कळायचंच. सिरिंज मोरीच्या कडेवर तशीच चिकट, बाटलीचं झाकण अर्धवट, ओट्यावर गुलाबी थेंब. एकदा सिरिंजमध्ये मुंग्या निघाल्या. त्या दिवशी बायको फार बोलली. पोरीच्या तोंडात मुंग्या घालणार का, तुमच्या हातून एक काम धड होत नाही, लिफ्टा तेवढ्या वर जातात, त्याही देवाच्या कृपेने. हा तिचा शेवटचा टोमणा त्याला वर्मी लागला होता. त्याने मनात ठरवलं, आता असं करून दाखवतो की बोट ठेवायला जागा राहणार नाही.

आणि करून दाखवलं. पुढच्याच आठवड्यात तो साडेसहाला घरी आला, सातला टिचकीला औषध दिलं, सिरिंज उकळत्या पाण्याने धुतली, फडक्याने पुसली, वाऱ्यावर वाळवली, डबीत ठेवली. बाटलीचं तोंड पुसलं. ओटा पुसला. आयुष्यात एकदाच काम इतकं नीट केलं आणि त्याचा काही पुरावाच उरला नाही. टिचकी पेंगत होती, ती आडवी झाली. सव्वासातला बायको आली, पाय धुता धुता मोरीतून म्हणाली, अहो, औषध दिलं का? तो टीव्हीसमोरून म्हणाला, हो. ती स्वयंपाकघरात गेली. कोरडी डबी, कोरडी सिरिंज, स्वच्छ ओटा. तिला काय कळायचं ते कळलं. आमच्याकडे हो म्हणजे अजून नाही. तिने पाचच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, पेंगणाऱ्या पोरीचा गाल धरला आणि सोडलं. बोललीसुद्धा नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काय होतं, अकरा वर्षं ती त्याचं हो असंच निस्तरत आली होती. आठ वाजता पोरीला जेवायला उठवलं तर तिला उभं राहता येईना. डोळे एकीकडे, जीभ जड, पाय कापसाचे. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली की हे औषध थोडं वर गेलं तरी चढतं, त्यात पोर एवढीशी. मग तिने विचारलं, संध्याकाळचं औषध कुणी दिलं? आणि दोघं एकदम म्हणाले, मी.

पोरगी दोन दिवस झोपून होती. मग उठली, दूध मागितलं, घरी आली. काही राहिलं नाही तिच्यात, डॉक्टरणीने सगळं तपासून सांगितलं. राहिलं ते या दोघांत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्याला वाटायचं, हिने एकदा घर डोक्यावर घ्यावं, भांडी आपटावीत, तुमच्यामुळे म्हणावं, म्हणजे मलाही म्हणता येईल की मी हो म्हणालो होतो, तू ऐकलं नाहीस. पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाटली तिच्या पर्समध्ये गेली. पर्स तिच्याबरोबर लाँड्रीत जायची, तिच्याबरोबर परत यायची, झोपताना उशाशी. आणि तिने त्याला अहो म्हणायचं सोडलं. चिडून नाही. काही विचारायचंच नसलं तर अहो कशाला. गॅसचा नंबर ती लावायला लागली, शाळेत ती जायला लागली, नळाचा वायसर गेला तर तिने बाहेरून माणूस आणला, घरात मेकॅनिक बसलेला असताना. तो माणूस वायसर उलटा बसवून गेला. तो उलटा वायसर त्याला दिसत होता, रोज थेंब थेंब, आणि त्याने हात लावला नाही. आपला हात लागला तर आणखी बिघडेल असं त्याला खरंच वाटलं. मग टिचकी बुटाची नाडी घेऊन त्याच्यासमोरून सरळ आईकडे जायला लागली. लहान पोरं बरोबर ओळखतात घरात कोण कशाच्या लायकीचं आहे. सात महिने. रोज संध्याकाळी सात वाजले की तो आपला उठून गॅलरीत जायचा, खालच्या रस्त्याकडे बघत उभा राहायचा, आणि आतून पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला की त्याचे कान गरम व्हायचे.

मशीन रूममध्ये तेलाचा ओळखीचा वास होता. त्याने मेन स्विच बंद केला. ब्रेकच्या दांडीला हात घातला, मग परत जाऊन स्विच बघितला. बंद होता. दांडी धरली. परत गेला. बंदच होता. तिसऱ्यांदा जाऊन स्विचवर हात ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय, आणि कोणीतरी बघितलं असेल या भीतीने त्याने मागे वळून पाहिलं. कोण बघणार. मोठं लोखंडी चाक आणि तो. खाली दोराच्या टोकाला एक बाई, अंगठा हलवत. कसाबसा ब्रेक सोडला, चाक इंच इंच फिरवलं, आणि वॉचमनची हाक आली तेव्हा पाठीवरून घामाची धार चालली होती. खाली येऊन दार उघडलं. बाई साठीची असेल, हातात छत्री. बाहेर आली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, बघा, जमलं की. लहान पोराने नाव लिहून दाखवल्यावर म्हणतात तसं. चांगली बाई होती, मनापासून बोलली, आणि त्याला तिची छत्री हिसकावून जिन्यावरून फेकून द्यावीशी वाटली.

ऑफिसला त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारीच निघाला. बसने न जाता चालत, कारण बसमध्ये बडबडता येत नाही. टिचकीसाठी बायकोला सांगायचं एकच वाक्य त्याला पाठ करायचं होतं. तिला राहू दे, मला जमेल. चपलांच्या तालावर तो ते म्हणत होता, एकदा ठासून, एकदा सहज, एकदा थोडं रागाने, आणि कसंही म्हटलं तरी शेवटी ते वर उचललं जायचं. मला जमेल? एका गॅरेजजवळ त्याने मोठ्याने म्हटलं तर गाडीखालून एक डोकं बाहेर आलं आणि काय जमेल, असं विचारून परत आत गेलं. लोक लिफ्टमध्ये पाय टाकताना दोराचा विचार करत नाहीत. तो मात्र सात महिने आपल्याच घरात दोर तपासत चालत होता. आणि गंमत अशी की दोर तुटला नव्हता. त्या दिवशी त्याने औषध दिलं होतं. बरोबर दिलं होतं. सगळ्या जगात ही गोष्ट फक्त त्याला शंभर टक्के माहीत होती, आणि रोज थोडी थोडी कमी होत ती आता कितीवर आली होती कुणास ठाऊक. कधी कधी त्याला वाटायचं, आपण खरंच दिलं होतं का? की हो म्हणालो आणि नंतर देणार होतो?

घरी पलंगावर दोन पिशव्या उघड्या होत्या, मोठी तिची, छोटी टिचकीची. बायको फ्रॉक घडी करत होती आणि घडी घालण्याआधी प्रत्येक फ्रॉकच्या खिशात बोट घालून बघत होती, सवयीने. एका खिशातून खोडरबराचा तुकडा निघाला, तो तिने खिडकीत ठेवला. तो दारात उभा राहिला. ताईचा फोन आला होता, म्हणाला. तिने वर न बघता सांगितलं की आज सांगणारच होते. नळ अजून थेंब थेंब गळत होता.

“तिला राहू दे इथे,” तो म्हणाला. पुढचं अर्धं वाक्य आलंच नाही.

तिने घडी मोडली, परत घातली. चार दिवस आहेत, म्हणाली. माहीत आहे, तो म्हणाला. सकाळी सात, संध्याकाळी सात. माहीत आहे, आणि जेवणानंतर. तिने पहिल्यांदा मान वर केली.

“जेवणाशी त्याचा काही संबंध नाही. आधी दिलं काय, नंतर दिलं काय.”

तो पलंगाच्या कडेवर बसला, छोट्या पिशवीचा बंद हातात घेऊन. ती त्याच्या शेजारी बसली नाही, पण उभीही राहिली नाही, खुर्ची ओढून समोर बसली. तिचा चेहरा या पंधरा दिवसांत किती उतरला होता हे त्याने इतक्या जवळून आत्ताच बघितलं. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले.

“अहो,” ती म्हणाली, आणि सात महिन्यांनी तो शब्द ऐकून त्याच्या हातातला बंद सुटला. “मी तिथे पडलेली असताना मला घड्याळ बघायचं नाहीये. सात वाजले, दिलं असेल का, हे मला नकोय. तेवढे चार दिवस नकोय. मला माझंच झेपेना झालंय.”

मग घड्याळ मी बघतो, तो म्हणाला, आणि हे वाक्य पाठ केलेलं नसल्यामुळे असेल, सरळ निघालं, शेवटी उचललं गेलं नाही. तिने ते ऐकलं. खिसा तपासावा तशी ती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, पर्सची चेन उघडली, बाटली आणि डबी काढून टेबलावर ठेवली. सात वाजता आजचं तुम्ही द्या, म्हणाली. नीट दिलंत तर ताईला फोन करून सांगते, येऊ नको. आणि परत घड्या घालायला लागली, जशी काही रोजचीच गोष्ट. आपल्या बायकोच्या अंगात किती हिंमत आहे हे त्या वेळी त्याला कळलं. त्या घरात गेल्या सात महिन्यांत कोणी इतकं मोठं काही बोललं नव्हतं.

साडेसहालाच त्याने हात धुतले. नखं घासली, मेकॅनिकची नखं, घासून काळीच राहतात. टिचकी स्टुलावर येऊन बसली, बाबा देणार म्हटल्यावर आईकडे बघून घेतलं, आई काही बोलली नाही म्हटल्यावर तोंड उघडून बसली. सात वाजले. त्याने बाटली हलवली, सिरिंज बुडवली, ओढली. उजेडात धरली. एक बुडबुडा होता, तो टिचकी मारून वर घालवला, परत ओढली. पाचची रेघ आणि गुलाबी कड, मधे केसाचाही फरक नाही. एवढा सरळ त्याने कधी लिफ्टचा रूळही बसवला नसेल. हात स्थिर होता. तो पोरीसमोर वाकला, तिचा गाल धरला, आणि तिथे थांबला.

तू आधी दिलं नाहीस ना, त्याने विचारलं. बायको म्हणाली, नाही. दुपारी? दुपारी नसतं औषध. मी यायच्या आधी, चुकून? अहो नाही, बाटली माझ्या पर्समध्ये होती. खरंच होती, त्याच्या डोळ्यांसमोर तिने काढली होती. त्याला माहीत होतं. चूक करायला ती वेडी नव्हती, आणि खोटं तर तिने जन्मात सांगितलं नव्हतं. तरी तिचं ‘नाही’ त्याच्या कानात शिरून पुढे कुठे जाईचना. ती आज पंधरा वेळा पर्सजवळ गेली होती. ती घाबरलेली आहे, झोपलेली नाही, घाबरलेला माणूस देऊन विसरतो. त्याने खाली बघून पोरीलाच विचारलं.

“आईने दिलं का ग तुला औषध?”

पोरीने उघडं तोंड मिटलं. विचार केला. “आज?” म्हणाली. मग, “माहीत नाही.”

आठ वर्षांच्या पोरीला काय माहीत, रोज सकाळ संध्याकाळ तेच, आजचं सकाळचं, कालचं संध्याकाळचं, सगळं एकच गुलाबी. पण ते ‘माहीत नाही’ त्याच्या खांद्यांतून खाली उतरलं आणि कोपरापाशी हात जड झाला. सात वाजून तीन मिनिटं. पाच. बायको दारात उभी होती, हातात रुमाल. दे म्हणाली असती तर त्याने दिलं असतं. राहू दे म्हणाली असती तर त्याने रागाने दिलं असतं. बाबा, तोंड दुखतं, टिचकी म्हणाली. सिरिंज भरलेली होती, बरोबर भरलेली होती, आणि आता चुकेल ते त्याच्या हातूनच चुकेल, हे त्याला सिरिंजवरच्या रेघांइतकं स्पष्ट दिसत होतं. तो सरळ उभा राहिला आणि सिरिंज बायकोच्या हातात ठेवली.

तिने ती घेतली. आणि तेव्हा त्याने जे बघितलं ते सात महिने गॅलरीत उभं राहिल्यामुळे त्याला कधी दिसलंच नव्हतं. तिचा हात कापत होता. थोडाथिडका नाही, सिरिंजचं टोक पोरीच्या दातांवर टकटक वाजत होतं. डाव्या हाताने तिने स्वतःचं उजवं मनगट धरलं, डोळे बारीक केले, ओठ आत ओढले. टिचकीने पुढे होऊन ते टोक दातांत पकडलं.

“आईचा हात रोज असाच हलतो,” दात न उघडता ती बाबाला म्हणाली. “मी धरून ठेवते.”

बायकोने औषध सोडलं. पोरीने गिळलं. सिरिंज धुतली गेली, डबीत गेली, डबी बाटलीबरोबर छोट्या पिशवीत गेली.

मेहुणी साडेसातला आली, फोन न करता. आली आणि नेहमीसारखी बडबडली, टॅक्सीवाला कसा वाकड्या वाटेने आणत होता, तिच्या नवऱ्याने पोरीसाठी पलंग कसा भिंतीला लावून दिलाय, आणि मधेच थांबून तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पोरीचा हात धरून चल ग म्हणाली. तो पिशवी घेऊन खाली गेला. टॅक्सीत बसल्यावर टिचकीने त्याला विचारलं की आईचं पोट कापल्यावर परत शिवतात ना. शिवतात, तो म्हणाला. कोण? डॉक्टर. मग बरं, असं म्हणून ती खिडकीच्या काचेवर बोटाने रेघा मारायला लागली, आणि टॅक्सी निघाली तेव्हा रेघा मारण्याच्या नादात हात हलवायची विसरली. तो थोडा वेळ रस्त्यावर उभा राहिला. दिवा लागतो की नाही हे विचारायचं राहिलंच.

वर आला तर बायको टेबलाशी बसली होती, समोर एक कागद. दवाखान्याचा होता, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. भूल देण्याआधी लागतो, म्हणाली, सकाळी तिथे घाई असते, नर्सने घरून भरून आणायला सांगितलंय. तिने तिचं सगळं भरलं होतं, नाव, वय, वजन, आधीचे आजार. खाली एक चौकट रिकामी होती. रुग्णाला काही निर्णय घेता येत नसेल तर तो कोण घेईल. नातं. सही. त्याने ते वाचलं, परत वाचलं. आत्ता टेबलाच्या याच कडेला उभं राहून त्याने काय केलं होतं ते दोघांनी बघितलं होतं. ताईचं नाव घाल, तो म्हणाला. ताईचं घाल, ती नीट बघेल. बायकोने पेन उघडलं, टोपण पेनच्या मागे लावलं आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

“ताई बहीण आहे,” ती म्हणाली. “इथे तुम्ही लागता.”

नात्याच्या जागी त्याने नवरा लिहिलं. मग सही करायला गेला आणि पहिल्याच वळणावर पेन घसरलं. नावाचं पहिलं अक्षर वेलांटीला भिडलं, पुढचं रेघेखाली गेलं, शेवटची फरफट चौकटीच्या बाहेर. एकोणीस वर्षं रोज कामाच्या कागदांवर तो सही करत होता, त्या सहीशी याचं काही नातं नव्हतं. कोणाला दाखवली असती तर म्हणाला असता, खोटी आहे. दुसरा कागद आहे का, त्याने विचारलं. बायकोने कागद आपल्याकडे ओढून घेतला, दिव्याजवळ धरला, आणि बारा वर्षांच्या सवयीने त्या सहीवरून सावकाश बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“चालेल,” ती म्हणाली, आणि कागदाची घडी घातली.